आयते मिळालेले पाणी

आपल्याकडे तळ्याचे नाव निघाले की त्यामागे कोणीतरी कर्ता पुरुष उभा असतो. हैदराबादचा हुसेनसागर कुतुबशाहीच्या काळात, सोळाव्या शतकात बांधला गेला. बडोदेकरांची तहान भागविणारा आजव्याचा जलाशय महाराज सयाजीरावांच्या कारकिर्दीतला. ग्वाल्हेरजवळचे तिघऱ्याचे धरण शिंद्यांच्या राजवटीतले, तर इंदूरचा यशवंतसागर होळकरांच्या. दख्खनच्या पठारावर काय किंवा माळव्यात काय, पाणी साठते ते कोणीतरी ओढ्याला बांध घातला म्हणून. तळे बांधणे हे आपल्या पूर्वजांनी पुण्यकृत्य मानले, त्याचे कारणही हेच. जे सहजासहजी मिळत नाही, ते देणाऱ्याला पुण्य लागते.

म्हणूनच कोणीही न बांधलेली, कोणाच्याही नावावर पुण्य जमा न करणारी सरोवरे जेथे लाखाच्या हिशेबात मोजावी लागतात, असा एखादा देश असेल ही गोष्ट आपल्याला प्रथम खरी वाटत नाही. उत्तर युरोपातील फिनलंड हा तसा देश आहे. तेथील लोक आपल्या भूमीला कौतुकाने ‘हजार सरोवरांचा देश’ म्हणतात, पण हा त्यांचा विनय समजावा. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या तळ्यांची व सरोवरांची तेथे रीतसर गणती झाली, तेव्हा आकडा निघाला १,८७,८८८. त्यांपैकी एक हेक्टरहून मोठी अशी सुमारे छप्पन हजार आहेत. देशाची लोकसंख्या पंचावन्न लाखांच्या आसपास. म्हणजे दर तीस माणसांमागे एक तळे पडले. देशाच्या क्षेत्रफळाचा जवळजवळ दहावा हिस्सा गोड्या पाण्याखाली आहे.

इतके पाणी पाहून तेथे पाऊस मुसळधार पडत असेल, असा कोणाचाही समज व्हावा. वस्तुस्थिती उलट आहे. फिनलंडमध्ये वर्षाकाठी पाऊस व बर्फ मिळून पाचशे ते सातशे मिलिमीटर पाणी पडते. इंदूरला किंवा हैदराबादला याहून अधिक पडते! फरक आहे तो पाणी टिकण्यात. आपल्याकडचे ऊन तळ्यातले पाणी उचलून नेते, तेथील थंडी ते जागेवर राहू देते. शिवाय खालचा खडक ग्रॅनाइटच्या जातीचा, जुना, कठीण व पाणी न मुरू देणारा. भूमी बहुतांशी सपाट, त्यामुळे पाण्याला वाहून जाण्याची घाई नाही. आणि या खडकात लाखो खळगे आधीच खोदून ठेवलेले आहेत. ते कोणी खोदले, हे पाहू लागले की गोष्ट हिमयुगापर्यंत मागे जाते.

सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी हा सारा प्रदेश दोन-तीन किलोमीटर जाडीच्या बर्फाखाली दबलेला होता. हा बर्फ स्थिर नव्हता. स्वतःच्याच भाराने तो सरकत होता आणि सरकताना खालचा खडक खरवडत होता. जेथे खडक फुटलेला वा मऊ होता तेथे खोल चर पडले. पुढे हवा उबदार होऊ लागली आणि बर्फ मागे हटू लागला. पण मध्येच थंडीचा एक मोठा झटका आला आणि सुमारे बारा हजार वर्षांपूर्वी हिमस्तराची कड दक्षिण फिनलंडमध्ये शतकानुशतके रेंगाळली. त्या काळात वितळत्या पाण्याने आणून टाकलेल्या वाळूचे व गोट्यांचे शेकडो किलोमीटर लांबीचे बांध तयार झाले. त्यांना साल्पाउसेल्का असे नाव आहे. नकाशावर पाहिले तर हे बांध देशाच्या दक्षिणेला कमरपट्ट्यासारखे आडवे पडलेले दिसतात आणि त्यांच्या उत्तरेला सरोवरांचा प्रदेश पसरलेला दिसतो. आपल्याकडे राजाने बांध घातला. तेथे तो बर्फाने घातला, एवढाच काय तो भेद.

या रचनेला एक अपवाद आहे व तो मराठी वाचकाला विशेष जवळचा वाटेल. पश्चिम फिनलंडमधील लाप्पायार्वी हे सरोवर बर्फाने नव्हे, तर आकाशातून कोसळलेल्या अशनीने घडविले. बुलढाणा जिल्ह्यातील आपले लोणार याच कुळातले. लोणारचे विवर पावणेदोन-दोन किलोमीटर व्यासाचे. लाप्पायार्वीचे मूळ विवर वीस किलोमीटरहून अधिक व्यासाचे आणि सात कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचे. लोणारचे पाणी खारे, लाप्पायार्वीचे गोडे. तरीही जन्मकथा मात्र दोघांची एकच.

बर्फाचे ओझे उतरल्यावर दबलेली जमीन हळूहळू वर येऊ लागली व आजही येत आहे. बॉथनियाच्या आखाताच्या काठी तिचा वेग वर्षाला आठ-नऊ मिलिमीटर आहे. समुद्र मागे सरून देशाला दरवर्षी सुमारे सात चौरस किलोमीटर नवी भूमी मिळते. परंतु सर्वत्र हा वेग सारखा नाही. वायव्येकडची बाजू लवकर उचलली जाते, आग्नेयेकडची सावकाश. एखादी परात एका कडेने उचलावी तसे सरोवरांचे पाणी त्यामुळे आग्नेयेकडे कलत गेले. देशातील सर्वांत मोठे सायमा हे सरोवर पूर्वी पश्चिमेच्या समुद्राकडे वाहत असे. सुमारे सहा हजार वर्षांपूर्वी कलत्या पाण्याने साल्पाउसेल्काचा बांध फोडला आणि वुओक्सी नदी जन्माला आली. आज हे पाणी इमात्रा येथील वीजकेंद्रातून रशियातील लाडोगा सरोवरास मिळते.

सायमाला एक सरोवर म्हणावे की सरोवरांचा गोतावळा, असा प्रश्न पडतो. सुमारे चार हजार चारशे चौरस किलोमीटरचा हा विस्तार हजारो बेटांनी, सामुद्रधुन्यांनी व खाड्यांनी चिरलेला आहे. परंतु विस्तारावरून खोलीचा अंदाज बांधू नये. पैयान्ने या सरोवराचा तळ एके ठिकाणी ९५ मीटरवर आहे आणि तीच साऱ्या देशातील सरोवरांची कमाल खोली. सर्वांची सरासरी काढली तर ती अवघी सात मीटर भरते. फिनलंडमधील झाडून सगळ्या सरोवरांचे पाणी एका ठिकाणी ओतले, तरी शेजारच्या एकट्या लाडोगाच्या तिसऱ्या हिश्शाइतकेही ते होणार नाही. अथांग वाटणारी ही संपत्ती प्रत्यक्षात पातळ थराने पसरलेली आहे. पुढील साऱ्या हकिगतीचे मर्म या एका गोष्टीत आहे.

या पाण्याभोवती तेथील माणसाचे आयुष्य शतकानुशतके गुंफले गेले. रस्ते नव्हते तेव्हा सरोवर हाच रस्ता होता. रविवारी गावातील मंडळी लांबलचक सामाईक नावेत बसून, सर्वांनी मिळून वल्ही मारीत चर्चला जात. या नावांना ‘चर्च-नाव’ असेच म्हणत. हिवाळ्यात तोच जलमार्ग बर्फाची सडक होई. आजही पिएलिनेन सरोवरावर, कोली टेकडीच्या पायथ्यापासून पैलतीरापर्यंत, थंडी पुरेशी पडली तर सुमारे सात किलोमीटरचा हिमरस्ता आखतात व त्यावरून मोटारी धावतात. किती जाडीच्या बर्फावर काय न्यावे, हे तेथील मुलांना लहानपणीच शिकवले जाते. निळसर घट्ट बर्फ पाच सेंटिमीटर असला तर एकट्याने चालावे. मोटारीला वीस सेंटिमीटर तरी हवा. जाणती माणसे बर्फावर जाताना गळ्यात दोन टोकदार दाभणे अडकवतात. बर्फ फुटून पाण्यात पडलेच, तर ती कडेला रोवून वर येता येते.

सरोवराच्या काठी लाकडी घर, घरालगत वाफेच्या स्नानाची खोली आणि तेथून थेट पाण्यात उतरणारी फळ्यांची वाट, हे फिनिश कुटुंबाच्या सुखाचे चित्र. अशी सुट्टीची घरे देशात पाच लाखांच्या आसपास आहेत. पाण्यावरील हक्काची व्यवस्थाही ध्यानात घेण्याजोगी आहे. बहुतेक सरोवरे काठच्या गावकऱ्यांच्या सामाईक मालकीची असतात. मात्र त्यात पोहण्याचा, नाव वल्हवण्याचा, साध्या गळाने किंवा बर्फाला भोक पाडून मासा धरण्याचा अधिकार सर्वांना आहे. पाण्याची मालकी थोड्यांची, परंतु उपभोग सर्वांचा, अशी ही परंपरागत सांगड होय.

इतके वाचून वाटेल की ज्यांना एवढे मिळाले त्यांनी ते पहिल्यापासून प्राणापलीकडे जपले असणार. तसे झाले नाही. आयत्या मिळालेल्या वस्तूची किंमत माणसाला उशिरा कळते आणि फिनलंडचे लोकही याला अपवाद ठरले नाहीत.

एकोणिसाव्या शतकातील फिनलंड हा गरीब शेतकऱ्यांचा देश होता. पाणी उदंड होते, पण चांगली शेतजमीन थोडी. सरोवराची पातळी थोडी उतरवली तर काठाची गाळवट जमीन उघडी पडते, तिच्यावर गवत आणि धान्य येते, या हिशेबाने अनेक सरोवरांचे पाणी चर खोदून काढून देण्यात आले. या उद्योगातील सर्वांत गाजलेली घटना पूर्वेकडील होयतियाइनेन सरोवराची. वाळूच्या बांधातून कालवा काढून त्याची पातळी बेताबेताने उतरवावी असा बेत होता. १८५९ च्या उन्हाळ्यात पाण्याने तो बेत स्वतःच्या हाती घेतला. बांध ढासळला, कालव्याची नदी झाली आणि सरोवराची पातळी साडेनऊ मीटरच्या आसपास खाली गेली. सुमारे १७० चौरस किलोमीटर जमीन उघडी पडली आणि वाहून गेलेल्या मातीचा त्रिभुज प्रदेश खालच्या सरोवरात तयार झाला.

या लोकांना दोष देताना हात आखडता घ्यावा लागतो, कारण काही वर्षांतच १८६६ ते १८६८ चा भीषण दुष्काळ आला. १८६७ चा वसंत इतका लांबला की अनेक सरोवरांवरचा बर्फ जून महिन्यापर्यंत हलला नाही. पेरण्या उशिरा झाल्या आणि सप्टेंबरच्या आरंभीच पडलेल्या हिमदवाने उभे पीक मारले. भूक व साथीचे रोग यांत देशातील दर शंभरांपैकी सुमारे आठ माणसे दगावली. ज्यांच्या घरात धान्याचा कण नाही, त्यांनी पाण्याखालच्या जमिनीकडे आशेने पाहिले, यात नवल ते काय?

दुसरे संकट समृद्धीबरोबर आले. टांपेरे शहरात दोन सरोवरांच्या मधल्या अठरा मीटरच्या उतारावर कापसाच्या गिरण्या उभ्या राहिल्या. इतरत्र लाकडाचा लगदा व कागद करणारे कारखाने सरोवरांच्या काठी आले. देशाला पैसा मिळाला तो या कागदातून. कारखान्यांचे काळे पाणी आणि शहरांचा मैला मात्र सरोवरांच्या पदरी आला. यंत्रांत साचणारा बुळबुळीत थर मारण्यासाठी लगद्याच्या कारखान्यांत पारायुक्त द्रव्ये वापरीत; तो पारा पाण्यात, पाण्यातून लहान माशांत आणि लहान माशांतून मोठ्यांत गेला. १९६० च्या दशकाच्या अखेरीस हा वापर थांबला. तरीसुद्धा तळाच्या गाळातून आणि काठच्या वनभूमीतून पारा अजून माशांत उतरतो. ‘हौकी’ हा तेथील मोठा शिकारी मासा गरोदर स्त्रियांनी खाऊ नये, असा सरकारी सल्ला आजही दिला जातो.

येथे सरोवराच्या अंतरंगाची थोडी ओळख करून घेतली पाहिजे. पाणी सर्वांत जड असते ते चार अंश सेल्सिअसला. त्यामुळे हिवाळ्यात बर्फ वर तरंगतो आणि थोडे उबदार पाणी तळाशी राहते. मासे जगतात ते याच कृपेने. पण बर्फाचे झाकण चार-सहा महिने पक्के बसले की हवेतला प्राणवायू पाण्यात शिरू शकत नाही. निर्मळ सरोवराला शरद ऋतूत साठवलेला प्राणवायू वसंतापर्यंत पुरतो. मैल्याने भरलेल्या सरोवरात मात्र कुजणारी घाण तो आधीच संपवते. तळ गुदमरतो आणि गाळात अडकून पडलेले स्फुरद सुटून पुन्हा पाण्यात मिसळते. स्फुरद हे शेवाळाचे खत. म्हणजे बाहेरून येणारी घाण थांबवली, तरी सरोवर स्वतःच्याच पोटातल्या साठ्यावर आजारी राहते. आणि जेथे सरासरी खोली सात मीटर, तेथे हा आजार जडायला फार दिवस लागत नाहीत.

लाहती शहराशेजारच्या वेसियार्वी या सरोवराची कथा नेमकी अशी आहे. एकेकाळी हे सरोवर स्वच्छ पाण्यासाठी नावाजलेले होते. शहर वाढले आणि दशकानुदशके सांडपाणी त्यात जात राहिले. १९७६ साली ते वळवण्यात आले. लोकांना वाटले, आता पाणी निवळेल. परंतु पुढची दहा-बारा वर्षे दर उन्हाळ्यात निळ्या-हिरव्या शेवाळाची साय पाण्यावर येतच राहिली. तेव्हा शास्त्रज्ञांनी निराळाच उपाय सुचवला. सॅर्की नावाची लहान रुपेरी मासळी तेथे बेसुमार वाढली होती. शेवाळ खाणाऱ्या सूक्ष्म जीवांना ती फस्त करी आणि तळ उकरून स्फुरद वर आणी. १९८९ ते १९९३ या पाच वर्षांत मच्छीमारांनी व नागरिकांनी मिळून हजार टनांहून अधिक मासळी जाळ्यांनी बाहेर काढली. पाणी निवळले. मात्र काम तेवढ्यावर संपले नाही. मासळीचा समतोल राखणे, काठच्या शेतांतून वाहून येणारे खत अडवणे, तळाला प्राणवायू पुरवणे ही कामे नंतरही करावीच लागली. २०२१ साली लाहतीला ‘युरोपची हरित राजधानी’ हा मान मिळाला, त्यामागे या सरोवराने शिकवलेला धडा मोठा आहे.

लोकांच्या मनातही याच सुमारास पालट होत होता. दक्षिण फिनलंडमधील कोइयार्वी हे पक्ष्यांनी गजबजलेले उथळ सरोवर. भोवतालच्या शेतकऱ्यांना शेतात पाणी तुंबू नये म्हणून त्याचा निचरा हवा होता. १९७९ साली तरुण मंडळींनी तेथे तळ ठोकला आणि माती उकरणाऱ्या यंत्राला स्वतःला साखळ्यांनी बांधून घेतले. पोलिसांनी त्यांना हलवले, खटले झाले, दंड झाले. पण ते तळे आजही आहे. या आंदोलनातून उभ्या राहिलेल्या हरित चळवळीचे दोन प्रतिनिधी १९८३ साली संसदेत गेले आणि १९८७ मध्ये तिचा रीतसर पक्ष झाला. शतकापूर्वी पोटासाठी सरोवरे रिकामी करणाऱ्यांची ही नातवंडे-पणतवंडे. पोट भरल्यावर सुचलेले शहाणपण, असे कोणी म्हणेल. म्हणोत बापडे, पोट भरूनही ज्यांना ते सुचत नाही, त्यांच्याहून ही मंडळी बरीच.

सायमातील सीलची हकिगत या पालटाचीच दुसरी बाजू दाखवते. बर्फ वितळल्यानंतर जमीन वर येऊन समुद्राची वाट बंद झाली, तेव्हा समुद्रातील सीलचा एक कळप या सरोवरात अडकला आणि गोड्या पाण्यात रुळला. जगात अन्यत्र कोठेही ही जात नाही. मासे पळवतो म्हणून त्याला मारणाऱ्यास सरकार १९४८ पर्यंत बक्षीस देत असे. १९५५ मध्ये त्याला संरक्षण मिळाले. १९८० च्या दशकाच्या आरंभी त्यांची संख्या दोनशेच्या खाली होती. आज ती चारशेच्या पुढे आहे. यासाठी काठच्या लोकांना स्वतःला मुरड घालावी लागली. पिल्ले पाण्यात उतरण्याच्या दिवसांत, एप्रिलच्या मध्यापासून जूनअखेर, त्यांच्या वावराच्या भागांत ताणून ठेवण्याची जाळी लावण्यास मनाई असते. सीलची मादी काठच्या बर्फाच्या ढिगात घर करून पिलाला जन्म देते. अलीकडे काही हिवाळ्यांत पुरेसा बर्फच पडत नाही. अशा वर्षी गावोगावचे स्वयंसेवक फावडी घेऊन गोठलेल्या सरोवरावर जातात आणि सीलसाठी हाताने बर्फाचे ढीग रचतात. ज्यांच्या आजोबांनी त्याला मारून बक्षीस घेतले असेल, त्यांचीच नातवंडे आज त्याचे बाळंतघर बांधत आहेत!

आता संकट आहे ते हवामानाचे. बर्फ कधी धरला आणि कधी फुटला, याच्या नोंदी तेथे फार जुन्या आहेत. टॉर्नियो नदीच्या १६९३ पासूनच्या, तर काही मोठ्या सरोवरांच्या एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासूनच्या. त्या सर्व एकमुखाने सांगतात की बर्फ उशिरा धरतो आहे आणि लवकर फुटतो आहे. पिएलिनेनवरचा हिमरस्ता काही वर्षी उघडताच आला नाही. उबदार, पावसाळी हिवाळ्यात शेतांतील खत व दलदलीतील तपकिरी पाणी अधिक प्रमाणात सरोवरांत उतरते. बर्फाने दिलेले हे धन बर्फ कमी झाल्यावर कसे राहील, ही चिंता तेथील घराघरांत आहे.

तरीही एक गोष्ट आश्वासक वाटते. हेलसिंकी व तिच्या परिसरातील दहा लाखांहून अधिक माणसे आज जे पाणी पितात, ते पैयान्ने सरोवराचे. खडकातून खोदलेल्या १२० किलोमीटर लांबीच्या बोगद्याने ते राजधानीत येते. १९७२ मध्ये सुरू झालेले हे काम १९८२ मध्ये पुरे झाले. वरच्या अंगाच्या कारखान्यांनी त्याच सरोवराच्या उत्तर भागाची कशी दशा केली होती, हे स्मरले म्हणजे आज ते राजधानीच्या घराघरांतील पेल्यात पोहोचते, याचे मोल कळते. हे पाणी आयते मिळाले होते. पिण्याजोगे मात्र ते पुन्हा श्रम करूनच ठेवावे लागले.

आपल्याला आयते काहीच मिळाले नव्हते. आपली तळी कोणाच्या तरी घामाने आणि कोणाच्या तरी दूरदृष्टीने बांधली गेली. हुसेनसागरात पुढे काय काय सोडण्यात आले, हे हैदराबादकर वाचकांना सांगायला नकोच. आपली तळीही उथळ आहेत आणि वर ऊन तर त्यांच्याहून कितीतरी कडक. वाचकांनी एखाद्या रविवारी मुलांना बरोबर घेऊन आपल्या गावच्या तळ्याची एक फेरी मारावी आणि त्यात पाणी कोठकोठून शिरते, त्यातले पावसाचे किती व गटाराचे किती, एवढे मोजून यावे. वेसियार्वीच्या काठच्या लोकांनाही आधी हाच हिशेब मांडावा लागला होता. मासळीची जाळी त्यांनी हातात घेतली ती त्यानंतर.